गाठ दुखत नाही, म्हणून गप्प बसू नका



“दुखत नाही ना, मग दाखवायचं कशाला?” असे पुष्कळ बायका म्हणतात. पण स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

तपासणी कशी करतात? शिकवून तयार केलेली आरोग्यसेविका किंवा डॉक्टर स्तन व काख हाताने तपासतात. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर ५ वर्षांनी ही तपासणी मोफत असते.

फायदा काय? परळच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून २० वर्षे मुंबईच्या वस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत दर २ वर्षांनी हाताने तपासणी झाली. तेथे पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फरक ठामपणे दिसला नाही.

अडचण काय? बहुतेक गाठी साध्या असतात. पण खात्रीसाठी सोनोग्राफी, सुईची तपासणी करावी लागते. रोज बुडतो, जीवाला घोर लागतो. शिवाय आज काही सापडले नाही, म्हणजे पुढे होणारच नाही असे नाही.

हे सारे ऐकून, विचारून तपासणीचा निर्णय बाईने स्वतः घ्यावा. नवऱ्याने सोबत जावे, जबरदस्ती करू नये.

मात्र गाठ लागली, कातडीला खळी पडली, बोंडातून रक्त आले, तर वय कोणतेही असो, थांबू नका. आधी जवळचे आरोग्य केंद्र गाठा. पुढे पाठवलेच, तर कल्याण-डोंबिवलीहून परळला थेट लोकल जाते.

लाज सोडा, वेळीच दाखवा!