काँग्रेस गवत: फुलाआधी उपटा, भुंग्याला मारू नका



पाऊस झाला की कुकडीच्या चाऱ्या, लिंबाच्या बागांचे बांध आणि पडीक रानं गाजर गवताने हिरवी होतात. आपण याला काँग्रेस म्हणतो. (नाव पांढऱ्या टोप्यांसारख्या फुलांवरून पडलं म्हणतात, कुठल्या पक्षाने मनाला लावून घेऊ नये.)

हे गवत मूळचं आपलं नाही, अमेरिका खंडातलं आहे. १९५५ च्या सुमारास पुण्यात ते नजरेत आलं. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं असं सांगतात. तिथून ते देशभर पसरलं. कारण सोपं आहे: एक झाड ५,००० ते २५,००० बिया टाकतं. बी हलकं असतं, ते पाण्याबरोबर, शेणखतातून, ट्रॅक्टरच्या चाकाच्या चिखलातून पुढच्या रानात जातं. ते वाढलं की खालचं मारवेल, पवना दबून जातं. म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचं चरणच कमी होतं. जनावर सहसा त्याला तोंड लावत नाही. चाऱ्यात मिसळून पोटात गेलं तर दूध कडू होतं.

उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलावर येतं, म्हणून उपटायचं ते त्याच्या आत. जमीन ओली असताना मुळासकट उपटा, नुसतं कापलं तर परत फुटतं. हातमोजे नसतील तर हाताला प्लास्टिकची पिशवी बांधा, नाकाला रुमाल लावा. ज्यांना खाज किंवा दम्याचा त्रास आहे त्यांनी हात लावू नये. फुलाआधीचं गवत कंपोस्टच्या खड्ड्यात चालतं. फुललेलं टाकलं तर शेणखताबरोबर बी तुम्हीच रानात पेराल.

आता मुद्द्याचं. काही झाडांची पानं चाळणीसारखी खाल्लेली दिसतील. त्यावर मळकट पांढरा, पाठीवर तपकिरी नागमोडी रेघांचा छोटा भुंगा असतो. हा मेक्सिकन भुंगा आपल्या देशात १९८० च्या दशकात मुद्दाम आणून सोडलेला आहे. काही जण कीड समजून त्यावर औषध मारतात. तसं करू नका. नव्वदच्या दशकात तो सूर्यफुलावर दिसला म्हणून ओरड झाली होती, पण तपासणीत पिकाला धोका नसल्याचं ठरलं. भुंगा दिसेल तिथलं गवत त्याच्यासाठी राहू द्या. जास्त असतील तर भोकं पाडलेल्या डब्यात थोडी पानं घालून गोळा करा आणि भुंगा नसलेल्या पडीक जागेत सोडा. पावसाळा संपला की ते जमिनीत शिरतात, त्यामुळे हे काम आत्ताच.

गावठाण, रस्त्याकडेला पुढच्या उन्हाळ्यात, पहिल्या पावसाआधी टाकळ्याचं (तरोट्याचं) बी फेका. टाकळा दाट आला की काँग्रेसला जागा राहत नाही. दिवाळीच्या सुमारास शेंगा वाळल्या की बी गोळा करून ठेवा.

भुंगा आहे की नाही याची खात्री नसेल तर फोटो याच ग्रुपवर टाका, फवारणी तोवर थांबवा.