पिलांची आई व बाकीच्या कोंबड्या

गांवांतील पुष्कळ घरीं चारसहा कोंबड्या असतात, आणि अंड्यांचा पैसा बहुधा घरच्या बाईच्या हातीं राहतो. मीठमिरची, मुलाची वही, दुखण्याचें औषध हीं कित्येकदां त्यांतूनच निघतात. म्हणून एका उबवणींतील दहा पिलांपैकीं दोनच वांचलीं तर ती गोष्ट हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. पिलें गेलीं म्हणजे लोक घारीस व मुंगसास दोष देतात. तो दोष खोटा नाहीं. परंतु घरच्याच कोंबड्यांच्या टोचण्यानें, पाण्याच्या भांड्यांत बुडून व गारठ्यानेंही पिलें मरतात, आणि हें टाळणें आपल्या हातीं आहे.

काळजी खुडुक बसल्या दिवसापासून घ्यावी. कोंबडी सामाईक खुराड्यांतच बसविली तर इतर कोंबड्या तिच्या टोपलींत येऊन अंडीं घालतात. पहिलीं अंडीं २१ व्या दिवसाच्या सुमारास फुटतात, पिलें चालूं लागतांच आई उठते, आणि मागाहून पडलेलीं अंडीं अर्धवट उबून फुकट जातात. तेव्हां तिला निराळा कोपरा द्यावा. गांवठी कोंबडीखालीं १० ते १२ अंडीं नीट झांकतात. अधिक लोभ करूं नये. बसवितांना प्रत्येक अंड्यावर कोळशाची खूण करावी, म्हणजे नवें पडलेलें ओळखून काढतां येतें.

पिलूं निघाल्यावर पहिला एक दिवस दाणा मिळाला नाहीं तरी घाबरूं नये. अंड्यांतील उरलेला बलक त्याच्या पोटांत गेलेला असतो. ऊब मात्र तत्काळ पाहिजे, कारण पहिले कांहीं आठवडे पिलास आपल्या अंगाची उष्णता स्वतः राखतां येत नाहीं. कोंबडीच्या अंगाची उष्णता सुमारें ४१ अंश सेल्सिअस असते, व तिचे पंख हीच पिलांची शेगडी. मत्तयाच्या २३ व्या अध्यायांतील कोंबडीची व तिच्या पिलांची उपमा आपणां सर्वांस ठाऊक आहे. थंडीच्या पहांटे ज्यानें कोंबडीच्या पंखाखालीं हात घालून पाहिला आहे त्याला ती अधिक उमजेल.

आतां मुख्य प्रश्न. आईला कळपांत ठेवावें कीं वेगळें? कित्येकांचें म्हणणें, सोडून द्यावें, आई सांभाळील. हें अर्धेंच खरें आहे. एखादी आई कुत्र्याच्याही अंगावर धांवून जाते, तर एखादी भित्री पिलें मागें टाकून पळते. उलट महिना दोन महिने दूर कोंडून ठेवणेंही बरें नव्हे. कोंबड्यांमध्यें कोणी कोणास टोचावें ह्याची पायरी ठरलेली असते. नॉर्वे देशांतील थोरलीफ शेल्डेरुप-एब्बे ह्यांनीं १९२१ सालीं ही गोष्ट शास्त्रीय रीतीनें मांडली. फार दिवस दृष्टीआड राहिलेली कोंबडी परत आली म्हणजे परकी ठरते, तिला भांडून जागा मिळवावी लागते, आणि त्या झटापटींत पिलें तुडविलीं जातात. म्हणून आमचें मत असें कीं, पहिले आठदहा दिवस आई व पिलें डालग्याखालीं डालावीं, पण अंगणांतच, इतरांच्या डोळ्यांसमोर. पुढें दुपारीं, बाकीच्या कोंबड्या चरावयास पांगल्या असतां, आपण जवळ बसून घटकाभर सोडावीं व रोज वेळ वाढवावा. दोन आया एकाच डालग्यांत घालूं नयेत. एक दुसरीच्या पिलांस टोचून मारते.

पिलांचें खाणें थोरल्या कोंबड्या क्षणांत फस्त करतात. ह्यास उपाय सोपा आहे. एक डालगें विटांवर इतकेंच उंच ठेवावें कीं खालून पिलूं शिरेल, कोंबडी शिरणार नाहीं. आंत कणी किंवा ज्वारीचा बारीक भरडा ठेवावा. वाळवी मिळाल्यास तिच्यासारखें दुसरें खाणें नाहीं. पाणी उथळ परळांत द्यावें व त्यांत खडे टाकावे. जे बाजारचें खाद्य आणतात त्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. लेयर खाद्यांत कॅल्शियम शेंकडा साडेतीन ते चार भाग असतें, पिलांस सुमारें एक भाग पुरे. अधिकानें त्यांचीं मूत्रपिंडें बिघडतात. सर्वांस पिलांचेंच खाद्य घालून अंड्यांवरच्या कोंबड्यांकरितां शिंपल्यांचा चुरा निराळ्या वाटींत ठेवावा.

राणीखेत रोग शिरला तर सारीच मेहनत व्यर्थ. पिलें ५ ते ७ दिवसांचीं असतां लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यांत किंवा नाकांत घालतात. पुढची लस केव्हां, तें पशुवैद्यास विचारावें. लस थंड ठेवावी लागते, आणि एका कुपींत पुष्कळ पक्ष्यांची मात्रा असते. उपदेशकानें वस्तींतील पांचसात घरें एकत्र केलीं तर कुपी वायां जात नाहीं व खर्चही वांटला जातो.

सहा ते आठ आठवड्यांनीं आईच पिलांस टोचूं लागते व रात्रीं दांडीवर चढते. तिला पुन्हा अंडीं घालावयाचीं असतात. पिलें खालीं केविलवाणीं ओरडतात. त्यांस उचलून दांडीवर ठेवूं नये. थोरल्या कोंबड्या अंधारांत ढकलून पाडतात. जुन्या कोपऱ्यांतच त्यांस एकत्र बसूं द्यावें, आणि विटांवरचें तें डालगें आणखी पंधरा दिवस काढूं नये.