छिद्र न पाडता टाकीला सांडवा : सायफनचा एक पाठ



मावळातल्या मुलांना सांडवा शिकवावा लागत नाही. पवना, आंद्रा, वळवण ही धरणं त्यांच्या ओळखीची. धरण भरलं की जादा पाणी सांडव्यावरून जातं. नवलाख उंबरे इथे मुलांना घेऊन आम्ही वर्गातल्या माशांच्या टाकीला असाच सांडवा केला. टाकीतलं पाणी खालच्या बादलीतल्या फिल्टरमध्ये उतरवायचं आणि पंपाने परत वर सोडायचं होतं. काचेला भोक पाडलं तर ती तडकण्याची भीती, म्हणून सायफन, म्हणजेच वक्रनलिका वापरली.

साहित्य : प्लास्टिकचे दोन डबे, जाड पारदर्शक नळी, पाईपचा तुकडा, बादली, छोटा पंप.

कृती :
1. एक डबा टाकीच्या आत अडकवा. त्याची कड टाकीच्या कडेपेक्षा 4 सेंमी खाली हवी.
2. दुसरा डबा बाहेर, त्याच उंचीवर. त्याच्या तळातून उभा पाईप बसवून खालचं टोक बादलीत सोडा. पाईपचं वरचं तोंड आतल्या डब्याच्या कडेपेक्षा 3 सेंमी खाली ठेवा.
3. नळी पाण्यात बुडवून पूर्ण भरा (तोंडाने ओढू नका) आणि उलट्या यू आकारात दोन्ही डब्यांत सोडा. तिची दोन्ही टोकं उभ्या पाईपच्या तोंडापेक्षा बरीच खाली हवीत.

असं का होतं? हवेचा दाब पाण्याला नळीत वर ढकलतो आणि पाणी उंच पातळीकडून खालच्या पातळीकडे जातं. पातळ्या सारख्या झाल्या की थांबतं. वीज गेली तरी दोन्ही टोकं पाण्यातच राहतात, नळी भरलेली राहते. वीज आली की प्रवाह आपोआप सुरू. हा नुसता खेळ नाही बरं का. छत्तीसगडमधल्या 1923 च्या मुरूमसिल्ली धरणाला सायफनचेच सांडवे आहेत.

आमची चूक : नळीच्या माथ्यावर हवेचे बुडबुडे हळूहळू साठत गेले. कुणाचं लक्ष नव्हतं. एका सुट्टीत सायफन तुटला, पंप मात्र चालूच! सोमवारी दार उघडलं तर फरशीवर पाणीच पाणी. मासे वाचले, पण वह्या भिजल्या.

मग मुलांनीच गणित मांडलं. टाकी 60 सेंमी लांब, 30 सेंमी रुंद. म्हणजे 1 सेंमी पाणी = 1800 घन सेंमी = 1.8 लिटर. पाण्याच्या वर रिकामी जागा 3 सेंमी, म्हणजे फक्त 5.4 लिटर. बादलीत पाणी होतं 15 लिटर! उरलेलं 9.6 लिटर जाणार कुठे?

उपाय : पंप बादलीत विटेवर उंच बसवला. आता 5 लिटर उपसले की तो हवाच ओढतो. कोरडा चालून पंप बिघडू शकतो, पण पूर येत नाही. वीज गेल्यावर टाकीतलं 1 सेंमी पाणी, शिवाय डब्यातलं आणि नळ्यांतलं पाणी खाली येतं. तेवढी जागाही बादलीत मोकळी ठेवली. परतीच्या नळीचं तोंड पाण्याच्या वर ठेवलं, नाहीतर तीच उलटा सायफन होऊन टाकी रिकामी करते. रोज सकाळी एक मूल बुडबुडे तपासतं.

घरी करणार असाल तर आधी मासे न सोडता दोन दिवस चालवून पाहा. पाण्यात हात घालण्यापूर्वी पंपाचा प्लग काढा. आणि मुलांना "हे चालेल का?" एवढंच विचारू नका. "हे बंद पडलं तर पाणी कुठे जाईल?" हेही विचारा. आमचा खरा पाठ तिथूनच सुरू झाला.