वास नसलेलं रेझिन

आयसीएफच्या, म्हणजे इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या, साध्या, बिगर-एसी डब्याकडे स्टेशनच्या पुलावरून पाहिलं, की टपावर ओळीनं बसलेले व्हेंटिलेटर दिसतात. सगळे एकाच ठशाचे. हा डबा मॉडेलमध्ये उतरवायचा म्हटलं की माणूस नेमका इथे अडतो. बाजू प्लॅस्टिकच्या पत्र्यातून कापता येतात, टप वाकवता येतो, पण हे इवलेसे नग डझनांनी लागतात आणि प्रत्येक हातानं घडवला तर दोन नग एकसारखे होत नाहीत. पूर्ण रेक करायचा तर बॅटरी बॉक्स, ब्रेक सिलिंडर, बफर यांचीही तीच गत. म्हणून एकच नग जीव लावून घडवायचा, त्यावरून सिलिकॉनचा साचा करायचा आणि त्यात रेझिन ओतून हवे तेवढे भाग काढायचे.

चेन्नईतल्या पेरंबूरला १९५५ मध्ये हा कारखाना सुरू झाला आणि स्विस आराखड्यावरचे हे डबे साठ वर्षांहून अधिक काळ तिथून बाहेर पडत राहिले. या घडणीचा शेवटचा डबा जानेवारी २०१८ मध्ये निघाला. डेक्कन क्वीनलाही २०२२ मध्ये नव्या घडणीचे एलएचबी डबे लागले. ज्या गाड्यांतून आपण मोठे झालो त्या डोळ्यांदेखत भंगारात चालल्या आहेत, आणि त्या निदान १:८७ मापात तरी टिकाव्यात असं मला मनापासून वाटतं. कोथरूडचं जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून याच मापात गाड्या पळवतं आहे. माझ्यासारख्या कितीतरी जणांना ही ओढ तिथेच लागली. ज्यांना ती नव्यानं लागते आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे, कारण या छंदानं मला दमा दिला आणि तो टाळता आला असता.

आधी कामाबद्दल. पहिला साचा व्हेंटिलेटरचाच करा. त्याची खालची बाजू सपाट असते, त्यामुळे वरून उघडा असलेला एकसंध साचा पुरतो. मूळ नग काचेच्या तुकड्यावर किंचित गोंदानं चिकटवायचा, भोवती प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची भिंत उभी करायची आणि सिलिकॉन एका कोपऱ्यातून, उंचावरून, सुतासारख्या बारीक धारेनं सोडायचं. धार बारीक असली की त्यातले बुडबुडे वाटेतच फुटतात. सिलिकॉन थेट नगावर ओतू नका. त्याला स्वतःच्या गतीनं चढत येऊ द्या. नगाला चिकटून राहिलेला एक बुडबुडा त्या साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक भागावर पुळी होऊन उमटतो. पुळी निदान ब्लेडनं छाटता येते. रेझिनमधला बुडबुडा खड्डा पाडतो, आणि या मापात एक मिलिमीटरचा खड्डा म्हणजे खऱ्या डब्यावर जवळपास नऊ सेंटिमीटरचं भगदाड.

सिलिकॉन दोन जातींचं मिळतं. कथिलावर पिकणारं स्वस्त. मूर्तिकारांना साच्याचं सामान पुरवणाऱ्या दुकानांत बहुधा हेच असतं. प्लॅटिनमवर पिकणारं महाग, पण जवळजवळ आकसत नाही आणि जास्त टिकतं. मात्र ते फार नाजूक प्रकृतीचं आहे. गंधक असलेली मॉडेलिंगची माती, लॅटेक्सचे हातमोजे, नीट न पिकलेला थ्रीडी प्रिंट, यांपैकी कशाचाही स्पर्श झाला की तेवढ्या जागी ते चिकटच राहतं आणि मूळ नगही हातचा जातो. लहान भागांना कथिलाचं पुरतं. पण डब्याची अख्खी बाजू त्यात ओतायचा मोह होतो, तो आवरा. २१.३ मीटरचा डबा या मापात साधारण २४५ मिलिमीटर होतो. साचा अर्धा टक्का जरी आकसला तरी सव्वा मिलिमीटर कमी, आणि बाजू अंडरफ्रेमवर बसत नाही. व्हेंटिलेटरवर हाच अर्धा टक्का डोळ्यांना दिसणारही नाही.

ओतायला बहुतेक जण पॉलियुरेथेन घेतात. दोन बाटल्या, बहुधा समसमान प्रमाण, तीन-चार मिनिटांत घट्ट व्हायला लागतं, अर्ध्या तासात भाग हातात. लहान नगांना एकूण पाच-दहा ग्रॅम पुरतं, आणि इतक्या थोड्या मालात डोळ्यांच्या अंदाजानं प्रमाण हमखास चुकतं. बिनसुईच्या दोन सिरिंज ठेवा, त्यांवर खुणा करा आणि त्या कधीही अदलाबदल करू नका. साच्यात आधी टाल्कम पावडर ब्रशनं फिरवून झटकून टाकली की रेझिन कोपऱ्यांत आपसूक शिरतं. ओतल्यावर वरून प्लॅस्टिकची पारदर्शक फिल्म तिरकी टेकवत सपाट दाबली, तर मागची बाजू घासायला लागत नाही. हे घासणं वाचवणं किती महत्त्वाचं आहे ते पुढे येईलच.

आणखी एक गोष्ट. रेझिन पिकताना तापतं, आणि जितका माल एकत्र तितकं जास्त तापून लवकर पिकतं. साच्यातला बारीक भाग गार राहतो, म्हणून सावकाश पिकतो. कपात उरलेला गोळा टणक झाला की साच्यातलं झालं असं धरून लोक भाग उपसतात आणि पातळ कडा वाकून बसतात. भाग साच्यात दुप्पट वेळ राहू द्या.

आता पाऊस. पॉलियुरेथेनच्या एका बाटलीत आयसोसायनेट असतं. त्याला पाणी भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि रेझिन ढोकळ्यासारखं फुगतं. यासाठी पाण्याचा थेंबही लागत नाही. आषाढातली हवा पुरते, कागदी कपात मुरलेला ओलावा पुरतो, आइस्क्रीमच्या लाकडी काडीतलाही पुरतो. कप आणि काडी प्लॅस्टिकचीच हवी. बाटली उघडली की लगेच घट्ट बंद करून सिलिका जेलबरोबर हवाबंद डब्यात ठेवावी. आणि खरं सांगायचं तर मुंबई-ठाण्याच्या बाजूला हे काम दिवाळी ते होळी एवढ्या काळातच करावं. मे महिन्यात रेझिन ढवळता ढवळता घट्ट होतं, पावसाळ्यात फुगतं.

पावसाळ्यात आणखी काय होतं, ते मला माझ्या छातीवरून कळलं. एका वर्षी अख्ख्या रेकचे व्हेंटिलेटर ओतायला घेतले होते. खिडक्या पावसामुळे बंद, टेबल बैठकीच्या खोलीत. ओतताना काहीही जाणवत नव्हतं. वास जवळजवळ नाहीच. विकणाऱ्यानंही तेच सांगितलं होतं, की वास नाही, घरात बिनधास्त वापरा. रात्री मात्र खोकल्याची उबळ यायची, छाती आवळल्यासारखी व्हायची, उठून बसावं लागायचं. हवाबदल, सर्दी, ओल धरलेल्या भिंती, सगळ्यांवर दोष टाकून झाला. मधे गावी गेले तर एकदम मोकळं वाटलं. परत येऊन ओतायला बसले आणि रात्री पुन्हा तेच. शेवटी छातीच्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावायच्याही आधी विचारलं, "कामावर किंवा घरी कुठलं रसायन हाताळता का? घराबाहेर राहिलात की बरं वाटतं का?" फुंकायची तपासणी झाली, आणि मी नेलेल्या बाटलीवरचा आयसोसायनेट हा शब्द वाचून त्यांनी ओतकाम कायमचं बंद करायला सांगितलं.

गाड्या रंगवणाऱ्या आणि फोम बनवणाऱ्या कामगारांमध्ये आयसोसायनेटचा हा दमा डॉक्टरांना चांगला परिचयाचा आहे. तो सगळ्यांना होत नाही. एखादा वर्षानुवर्षं ओतत राहतो आणि त्याला काही होत नाही, दुसऱ्याचं शरीर थोड्याच संपर्कात बिथरतं. आपण यातले कोण हे आधी कळायला मार्ग नाही. शरीर एकदा बिथरलं, की पुढे अगदी नाममात्र अंशानंही त्रास होतो. त्रास पुष्कळदा काही तासांनी सुरू होतो, म्हणून दुपारचं ओतकाम आणि रात्रीचा खोकला यांचा संबंध कुणी जोडत नाही. आणि नाक इथे राखण करत नाही. नाकाला कळेल इतकं आयसोसायनेट हवेत असेल, तर धोक्याची पातळी केव्हाच ओलांडलेली असते.

म्हणून वासावर विसंबू नका. ज्यांना दमा आहे त्यांनी पॉलियुरेथेनच्या वाटेला जाऊच नये. इतरांनी उघड्या गच्चीत किंवा गॅलरीत, वारा पाठीमागून येईल असं बसून ओतावं. पंखा असेल तर तो हवा बाहेर ढकलणारा हवा. छताचा पंखा वाफ घरभर पसरवतो. कापडी मास्क किंवा एन-९५ धूळ अडवतात, वाफ अडवत नाहीत. त्यासाठी सेंद्रिय वाफेची कार्ट्रिज लावलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो, आणि त्याची कार्ट्रिज वास येण्याची वाट न पाहता ठरलेल्या मुदतीनं बदलायची. हातमोजे नायट्राइलचे घ्या. कातडीवर सांडलं तर लगेच साबण-पाण्यानं धुवा. थिनरनं पुसलं तर ते उलट कातडीत जास्त शिरतं. साचा लवकर पिकावा म्हणून काही जण तो गरम करतात, त्यानंही वाफ वाढते. भाग पुरते पिकल्याशिवाय घासू नयेत, आणि घासायचे ते पाण्याखाली, ओल्या पॉलिश पेपरनं, म्हणजे धूळ छातीत जात नाही. स्वयंपाकघरातला चमचा, वाटी, वजनकाटा यातलं काहीही या कामाला वापरू नये, नंतर घासून परत तर नाहीच. मुलं आणि म्हातारी माणसं त्या वेळी दुसऱ्या खोलीत असू द्या.

मग एपॉक्सी बरं का? बुडबुड्यांच्या बाबतीत हो. ते सावकाश पिकतं, बुडबुड्यांना वर यायला वेळ मिळतो. पण त्याच्या हार्डनरनं कातडीला ॲलर्जी होते आणि तीही अशीच कायमची मागे लागते. हार्डनर जास्त घातला की लवकर पिकेल हा समज इथे चालत नाही. भाग चिकटच राहतो. आणि कालवलेलं एपॉक्सी कपात भरून ठेवू नका, ते स्वतःच्याच उष्णतेनं धुमसायला लागतं.

फायबरच्या दुकानात मिळणारं स्वस्त पॉलिएस्टर रेझिन मात्र घरात आणूच नका. त्याच्याबरोबर दोन लहान बाटल्या देतात, एक जांभळट कोबाल्टची, दुसरी हार्डनर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पेरॉक्साइडची. या दोन्ही थेट एकमेकांत मिसळल्या तर भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. पेरॉक्साइडचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. कारखान्यातल्या जाणत्या हातांनी हाताळायचा माल आहे तो; व्हेंटिलेटरसाठी एवढी जोखीम कशाला घ्यायची? बुडबुडे दाबून टाकायला प्रेशर कुकरला हवेचा पंप जोडणारेही मी पाहिले आहेत. कुकर वाफेच्या ठरावीक दाबासाठी बनवलेला असतो, कॉम्प्रेसरच्या दाबासाठी नाही. ते कृपा करून करू नका.

विकत घेताना बाटलीवर आत काय आहे ते लिहिलेलं हवं. मोठ्या डब्यातून लहान बाटल्यांत भरलेला, नुसती 'ए' आणि 'बी' अशी अक्षरं टाकलेला माल घेऊ नका. सेफ्टी डेटा शीट मागा; देत नसतील तर दुसरं दुकान बघा. ओतायला लागल्यापासून रात्रीचा खोकला, शिंका, डोळ्यांची जळजळ, अंगावर पुरळ असं काही सुरू झालं तर काम थांबवा, कोणत्या दिवशी ओतलं आणि कधी त्रास झाला ते लिहून ठेवा आणि तो कागद डेटा शीटसह डॉक्टरांकडे न्या. उरलेलं रेझिन मोरीत ओतायचं नाही; दोन्ही भाग मिसळून, पिकवून, मगच कचऱ्यात.

मी आता मूळ नग आणि साचे तेवढे करते. ओतकाम माझा भाचा त्याच्या गच्चीत करतो, आणि भाग पुरते पिकून धुतल्यावरच माझ्याकडे येतात. छंदातल्या इतरांनाही साचे देते, मात्र साच्याच्या डब्यात डेटा शीटची प्रत घडी करून ठेवलेली असते. ती वाचल्यावर एका मैत्रिणीनं ओतायचा बेतच सोडला. तिला लहानपणापासून दमा आहे. तिनं माझाच मूळ नग समोर ठेवून प्लॅस्टिकच्या पत्र्यातून एकेक व्हेंटिलेटर कापून चिकटवले. वेळ खूप गेला, पण तिच्या डब्याचा टप रंग दिल्यावर सुरेख दिसतो आहे.