काचेतील अव्यवस्था : एक की अनेक?

(इयत्ता सातवी : सामान्य विज्ञान)

हेतू : स्फटिकाची रचना नियमित व काचेची अनियमित, एवढे विद्यार्थी पाठ म्हणून दाखवितो. परंतु 'अनियमित' म्हणजे वाटेल तशी, असा त्याचा ग्रह झाल्यास पाठ अर्धाच राहिला असे समजावे. अव्यवस्थेतही प्रकार असतात, हे त्यास उमगले पाहिजे.

साहित्य : खडीसाखर, साखरेच्या पारदर्शक गोळ्या, फक्की.

प्रस्तावना : खडा व गोळी मुलांच्या हाती द्यावी. खड्यास सपाट पैलू असतात. फोडलेल्या गोळीचे कपचे वेडेवाकडे निघतात. घट्ट पाक कित्येक दिवस स्थिर ठेवला म्हणजे रेणूंना रांगा धरण्यास अवधी मिळतो व खडीसाखर तयार होते. कढविलेला पाक झटपट निवविला तर रेणू जागच्या जागी थिजतात. गोळी ही साखरेची काचच होय.

विवेचन : पाण्याचीही अशी काच होते. १९८४ साली कॅनडात मिशिमा, कॅल्व्हर्ट व व्हॅली या संशोधकांनी नेहमीचा बर्फ उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवून वातावरणाच्या सुमारे दहा हजार पट दाबाखाली दाबला. तेव्हा स्फटिकरचना मोडून अस्फटिकी बर्फ झाला. दाब काढल्यावरही त्याची घनता दर घन सेंटिमीटरला १.१७ ग्रॅम राहिली. तोच किंचित तापविला असता उणे १५६ अंशांच्या सुमारास फुगून ०.९४ घनतेचा दुसरा अस्फटिकी बर्फ बनला. २०२३ साली १.०६ घनतेचा तिसराही प्रकार इंग्लंडमधून प्रसिद्ध झाला.

या भेदाचे मूळ शेजारात आहे. हलक्या प्रकारात प्रत्येक रेणूभोवती चार शेजारी असतात व मध्ये पोकळी राहते. जड प्रकारात त्या पोकळीत पाचवा रेणू शिरतो. रांगा मात्र दोहोंतही नसतात.

कृती : प्रथम मुलांना कवायतीच्या रांगांत उभे करावे, हा स्फटिक. नंतर रांगा मोडून, प्रत्येकाच्या चहूबाजूंस हातभर अंतरावर चार जण राहतील असे उभे करावे व भोवती फक्कीने रेघ ओढावी. मग मधल्या मोकळ्या जागांत सरकण्यास सांगून पुन्हा रेघ ओढावी. मुले तेवढीच, रांग कोठेच नाही, तरी जागा कमी लागली, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे.

प्रश्न : (१) नेहमीचा बर्फ पाण्यावर तरंगतो, १.१७ घनतेचा प्रकार त्याच पाण्याहून हलका की जड? (२) दोन काचांचा पदार्थ एकच असून घनता भिन्न का?

सूचना : आकडे घोकून घेऊ नयेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलाने स्वतःच्या शब्दांत दिले, म्हणजे पाठ साधला.