गाठ येते कुठून? पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरबद्दल

पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर आम्ही बोलत बसतो, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो : "काही लागलं नाही, पडले नाही, मग गाठ आली कुठून?" कुणी करणी म्हणतं, कुणी मागच्या जन्मीचं पाप. आपण कार्यकारणभाव मानणारी माणसं, तेव्हा कारणच पाहू.

पेशी मनाला येईल तेव्हा वाढत नाही. बोट कापलं की रक्तातल्या बिंबाणूंमधून 'वाढा' असा निरोप देणारी प्रथिनं सुटतात. ती आसपासच्या पेशींवर बसतात आणि निरोप आत केंद्रकापर्यंत जातो. तिथे आरबी नावाचं प्रथिन पहाऱ्याला असतं. डीएनएची नक्कल करायला लागणारी जनुकं त्यानं दाबून धरलेली असतात. निरोप आला की पकड सुटते, ४६ च्या ४६ गुणसूत्रांची नक्कल होते, एका पेशीच्या दोन होतात. जखम भरली की निरोप थांबतो आणि पुन्हा पहारा बसतो. दुसरा पहारेकरी पी ५३. डीएनए बिघडला तर तो काम थांबवतो, नाहीतर ती पेशीच संपवतो.

एचपीव्ही या विषाणूकडे स्वतःची नक्कल करण्याची सगळी साधनं नसतात, त्याला पेशीची वापरावी लागतात. म्हणून त्याचे धोकादायक प्रकार आरबीला निकामी करतात आणि पी ५३ ला मोडून टाकतात. कुणी निरोप दिलेला नसताना नक्कल सुरू होते, चुका साठत जातात.

हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि तो फार सर्रास आहे. नवऱ्याकडूनही येतो. बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवणाऱ्याला आम्ही तिथंच गप्प करतो. बहुतेकींचं शरीर एकदोन वर्षांत त्याला घालवतं. काहींमध्ये तो टिकतो, आणि त्यातून कॅन्सर व्हायला बहुधा १५-२० वर्षं जातात. एवढा वेळ हातात असतो. आपल्या बाया मात्र अंगावरून रक्त जायला लागल्यावर येतात.

तिशीनंतर तपासणी करून घ्या. पिशवीच्या तोंडाला पातळ व्हिनेगर लावून मिनिटभर थांबतात, बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरा दिसतो. पांढरं दिसलं म्हणजे कॅन्सरच, असं नाही. पुढची तपासणी लागते. सरकारी आरोग्य केंद्रात कधी होते ते आशाताईंना विचारा. पाळी चालू असताना जाऊ नका. ९ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी लस आहे. ती विषाणू शिरण्याआधी घ्यायची असते, आत बसलेला विषाणू ती काढत नाही. म्हणून आईची तपासणी आणि मुलीची लस, दोन्हींबद्दल एकाच खेपेला विचारून या.