ठाण्यातून फोन आला तर आधी कागद मागा

पालघरच्या दोन तरुणींचं प्रकरण लोक विसरत चालले आहेत. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी मुंबई बंद होती. त्या बंदबद्दल एकीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या ‘लाइक’ केल्या. तक्रार झाली, जमाव चालून आला, एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली आणि अटक झाली ती या दोघींना. एका लाइकसाठी अटक! पुढे प्रकरण बंद झालं, दोन पोलीस अधिकारी निलंबितही झाले. पण झालेली अटक कोणी पुसू शकत नाही.

त्यांना लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवलं. ‘त्रासदायक’ म्हणजे नेमकं काय, हे त्या कलमात कुठेच सांगितलेलं नव्हतं. तिथे विषय संपायला हवा होता. पण ठाण्यांमध्ये हे कलम लागतच राहिलं. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने २०२१ मध्ये न्यायालयाला दाखवून दिलं, की अकरा राज्यांत या मेलेल्या कलमाखालचे ७४५ खटले अजून चालू आहेत. न्यायमूर्तींना धक्का बसला. खटले थांबवण्याचा स्पष्ट आदेश यायला मात्र ऑक्टोबर २०२२ उजाडलं.

दिल्लीतला निकाल ठाणे अंमलदाराच्या टेबलापर्यंत आपोआप पोहोचत नाही, तो नागरिकालाच तिथवर न्यावा लागतो. तालुक्याच्या गावी बातमीदारी करताना मी हेच पाहत आलो. फोन येतो, ‘जरा येऊन जा.’ माणूस घाबरून एकटाच जातो, मोबाइल टेबलावर ठेवतो, समोर आलेल्या जबाबावर न वाचता सही करतो. तो कोणत्या गुन्ह्यात आला, साक्षीदार म्हणून की आरोपी म्हणून, हे त्याने विचारलेलंच नसतं.

ते विचारायचंच. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची गरज नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली नोटीस द्यावी लागते. ही नोटीस नुसती व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलं आहे. नोटीस हाती आली की मात्र हजर राहायलाच हवं, कारण टाळाटाळ हेच अटकेचं कारण होऊ शकतं. जाताना वकील किंवा घरचं कोणी बरोबर असावं. स्त्रीला सूर्यास्तानंतर अटक करायची, तर अपवादात्मक कारण, महिला पोलीस अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी, हे सगळं लागतं.

मोबाइल जप्त होत असेल तर पंचनाम्याची प्रत मागावी. जप्तीचं चित्रीकरण आता कायद्यानेच बंधनकारक आहे. आणि घाईघाईने पोस्ट पुसू नये. पुरावा नष्ट केल्याचा नवा आरोप मागे लागतो, शिवाय मूळ मजकूर काय होता हे दाखवायला आपल्याच हाती काही उरत नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनची भीती तर विनाकारण वाढवलेली आहे. दुसऱ्या सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू नसेल तर, ॲडमिन जबाबदार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं. खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेवरून जामनगरला दाखल झालेला गुन्हा २८ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. बोलण्या-लिहिण्यावरच्या, तीन ते सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यांत आधी प्राथमिक चौकशी करणं योग्य, असंही न्यायालय म्हणालं. या निकालांची प्रत घरात ठेवण्यासारखी आहे.

फोन टॅपिंगपुढे मात्र ही सावधगिरी तोकडी पडते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालाने गृहसचिवाच्या पातळीवरचा लेखी आदेश आणि आढावा समिती अशा अटी घातल्या. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचेच्या एका प्रकरणातले टॅपिंगचे आदेश बेकायदा ठरवून ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली. त्या माणसाला दाद मागता आली, कारण ती संभाषणं त्याच्याविरुद्ध खटल्यात वापरली गेली होती. ज्याच्यावर खटलाच होत नाही, त्याला आपला फोन ऐकला गेला हे कधी कळत नाही. टॅपिंग संपल्यावर तरी त्या व्यक्तीला कळवावं, अशी तरतूद आपल्या कायद्यात आजही नाही. ती झाली पाहिजे, आणि मत मागायला दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला त्याबद्दल विचारलं पाहिजे.